तोरबाचा वाटा

यशराजच्या घरात त्या गेमला 'घोड्याचा गेम' म्हणत. खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. त्यात एक साम्राज्य, एक शाप आणि एक ज्वालामुखी होता. पण आप्पांना त्यातलं घोडं आवडलं, आणि कसबा बावड्यातल्या त्या घरात कशाला काय म्हणायचं हे आप्पा ठरवत.

आप्पा म्हणजे यशराजचे वडील, बाळासो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा जन्म काढून रिटायर झालेले. ऊस मोजायचं थांबल्यावर त्यांनी माणसं मोजायला घेतली, म्हणजे सोयरिकी जमवायला. त्यांनी जमवलेलं लग्न मोडत नसे. नवराबायकोचं बिनसलं की आप्पा त्यांच्या सोप्यात जाऊन बसत आणि मिटेपर्यंत उठत नसत. शेवटी त्यांना घालवण्यासाठी का होईना, दोघं एक होत. एवढ्या जोड्या लावून स्वतःचा मुलगा तेवढा शिल्लक राहिला होता. अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा, सुपारीचंही व्यसन नसलेला.

"काट्यावर चढवला तर कुठंबी कमी भरत न्हाय," आप्पा चारचौघांत म्हणत. "तरी गाडी का अडल्या, कळंना."

गाडी का अडली होती ते यशराजला ठाऊक होतं. त्याला पुरुष आवडत. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. अपवाद एका तिरंदाजाचा, आणि तो तिरंदाज ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहत होता.

त्या गेममध्ये नायकाबरोबर चार सोबती हिंडतात. त्यांच्या आवडीची वस्तू आणून द्यायची, भांडणात त्यांची बाजू घ्यायची, शेकोटीजवळ त्यांच्याशेजारी बसायचं. असं करत गेलं की एक दिवस बोलण्याच्या पर्यायांत एक बारीकसं बदामाचं चिन्ह उगवतं. मात्र ते प्रत्येकासाठी उगवत नाही. कुणाला कोण आवडतं हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं. दोघांना कुणीही चालतं. इसेल्डा नावाच्या भालेवालीला बायका आवडतात. तॉर्विन नावाच्या तिरंदाजाला पुरुष. गेम सुरू होताना नायकाचं नाक किती लांब, भुवई किती जाड, जखम कुठल्या गालावर, सगळं विचारलं जातं, पण त्याला कोण आवडतं हे विचारत नाहीत. तो कुणाशेजारी जाऊन बसतोय ते नुसतं बघत राहतात. यशराजला हा जगातला सगळ्यात सभ्य रिवाज वाटला होता. बावड्यात बरोबर उलटं होतं. नाकाची चौकशी कुणी करत नसे, बाकी सगळी होत असे.

आप्पांना त्यानं वेगळा नायक काढून दिला होता. पण त्याचं घोडं बारकं होतं. त्यामुळे यशराज मीटिंगमध्ये असला की आप्पा यशराजचाच नायक घेऊन बसत, आणि सवयीप्रमाणे त्याचं लग्न जमवायला निघत. इसेल्डावर त्यांची नजर होती. "अंगानं मजबूत हाय, कामाला मागं सरायची न्हाय." तिला त्यांनी हार दिला, तलवार दिली, एक शेळी दिली. इसेल्डानं शेळी ठेवून घेतली आणि नम्रपणे सांगितलं, तू चांगला माणूस आहेस, पण माझा जीव बायकांवर जडतो.

"काय म्हणाली?" आप्पांनी विचारलं.

यशराजनं धीर करून जसंच्या तसं सांगितलं, "तिला बायका आवडतात."

"आवडू देत की. सासू असंल, जावा असत्याल. रमंल."

 या घरात खरी गोष्ट मोठ्यानं बोलता येते, आणि तरी काही म्हणता काही होत नाही, हे यशराजला त्या दिवशी समजलं.

आप्पांची खरी तक्रार वेगळीच होती. "थेट पोरीलाच इचारायचं? हिचं वडील कुठं हायत? मामा?" इसेल्डाचा मामा शोधत त्यांनी ते साम्राज्य पालथं घातलं. एका लोहारालाही विचारलं. लोहारानं त्यांना नाल विकला.

तॉर्विनकडे मात्र आप्पांचं लक्ष नव्हतं. ते त्याला 'तोरबा' म्हणत आणि गडी समजत. दिवाळीपासून यशराजनं तोरबासाठी काय काय केलं होतं, ते एकट्या यशराजलाच माहीत. बाण आणले, त्याच्या भावाचं थडगं शोधलं, त्याच्याबरोबर मुकाट बसला. बदाम उगवला. आता एकच प्रसंग उरला होता. तळावर जाऊन घोडं बांधलं की तोरबा तंबूतून बाहेर येणार आणि बोलणार. यशराजनं तो राखून ठेवला होता, घर रिकामं असेल त्या दिवसासाठी. टीव्ही हॉलमध्ये होता, आणि ते घर काही केल्या रिकामं होत नव्हतं. आईची भिशी घरातच, आप्पांच्या सोयरिकी घरातच. मधल्या काळात आप्पा चुकून तिथं जाऊ नयेत म्हणून यशराजनं सांगून ठेवलं होतं, "तळावर घोड्यांची साथ आलीय." आप्पा तळाकडे फिरकत नव्हते.

रविवारी दुपारी मलकापूरचे पाव्हणे आले.

मुलगी क्रांती, बी.फार्म., मलकापुरात स्वतःचं औषधाचं दुकान. बरोबर तिचे वडील उदयसिंह, बैलगाडीच्या शर्यतींवर जीव असणारा माणूस, आणि मामा पिराजी, जे चार वर्षं दुबईला ड्रायव्हर होते आणि तेव्हापासून कुठल्याच गोष्टीनं चकित होत नसत. पोहे झाले. रान किती, विहिरीला पाणी किती, झालं. मग उदयसिंहांची नजर टीव्हीवर गेली. आप्पा पाव्हणे येईपर्यंत खेळत बसले होते. पडद्यावर नायक घोड्यावर थांबलेला होता.

"घोडं झ्याक हाय," उदयसिंह म्हणाले.

झालं. आप्पांनी रिमोट उचलला. "पळीवतो, बघा."

यशराज सोफ्यावर उदयसिंह आणि मामांच्या मधोमध बसला होता. पुढं टीपॉय, त्यावर सुपारीचं ताट. उठायचं तर तिघांना उठावं लागलं असतं. आप्पांनी घोडं माळावरून नेलं, ओढ्यातून नेलं, एका पुलावरून नेलं, उगाच एका गावातून नेलं.

"त्याच्या तोंडाला फेस आलाय," उदयसिंह म्हणाले.

"आं?"

"बघा की. धापा टाकालंय. बांधत न्हाय व्हय तुमी कुठं?"

आप्पा कावरेबावरे झाले. "तळ हाय की. पण तिथं साथ हाय म्हणं."

"साथ असू दे न्हायतर काय असू दे. जनावर असं राबवायचं नसतंय, बाळासो." आणि उदयसिंहांनी लेकीकडे एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ हॉलमध्ये सगळ्यांना कळला. जनावराची ही गत, तर सुनेची काय?

आप्पांनी घोडं तळाकडे वळवलं.

"आप्पा, नको," यशराज म्हणाला.

"गप. पावणं काय म्हणत्यात?"

"आप्पा, खरंच साथ आहे."

"जनावराला इसावा पायजे का नको? बोल."

 तळ आला. आप्पांनी घोडं खुंट्याला बांधलं, पाणी दाखवलं. उदयसिंहांनी समाधानानं मान हलवली. आणि तंबूची कनात बाजूला झाली आणि तोरबा बाहेर आला. शेकोटीच्या उजेडात, पंचावन्न इंची.

तोरबा हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणालाय?" आप्पांनी विचारलं. "वाच की यश. पावण्यास्नी कळू दे."

"म्हणतोय... थंडी लई आहे."

तोरबा आणखी बोलला. बराच वेळ बोलला. मध्ये एकदा त्याचा आवाज अडकला.

"एवढं थंडीचंच?" उदयसिंह म्हणाले.

यशराजनं समोर बघितलं. क्रांती पलीकडच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होती, आणि ती खालची इंग्रजी अक्षरं वाचत होती. वाचून संपल्यावर तिनं यशराजकडे बघितलं.

"वाट्याचं विचारतोय," यशराज म्हणाला. त्याचं तोंड आपोआप चालत होतं. "तो गडी आहे ना. हा घोड्यावरचा हिवाळ्यात त्याला म्हणाला होता, तुला रानात अर्धा वाटा देतो. आता सुगी आली. तर म्हणतोय, तो शब्द... आहे का गेला?"

हॉलमधलं वातावरण बदललं. जमिनीचा विषय निघाल्यावर पिराजी मामाही सरसावून बसले.

"कागद झालाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तोंडीच."

"मग आला का लोचा."

पडद्यावर तीन पर्याय आले. पहिल्यापुढे बदाम होता. दुसरा होता, आपण मित्र आहोत, तेवढंच राहू दे. तिसरा, काही न बोलता निघून जा.

"ह्यातलं शब्द पाळायचं कुठलं?" आप्पांनी विचारलं.

यशराजनं एवढंच करायचं होतं, 'दुसरं' म्हणायचं. आप्पा दुसरं दाबतील. तोरबा मान खाली घालेल, पुन्हा कधी तो विषय काढणार नाही, आणि पाव्हण्यांना चहा येईल. हा गेम जागच्या जागी आपोआप जतन होतो. जे झालं ते झालं. 'दुसरं' एवढा एकच शब्द. दिवाळीपासूनचे बाण, ते थडगं, त्या शेकोट्या, सगळं त्या एका शब्दात मिटत होतं. तोरबा पडद्यावर उभा होता आणि पापण्या लववत होता, उत्तर येईपर्यंत गेममधली माणसं तशीच पापण्या लववत उभी राहतात.

"पहिलं," यशराज म्हणाला.

"दिल्याला शब्द माघारी घ्यायचा नसतोय," आप्पा पाव्हण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि त्यांनी पहिलं दाबलं.

तोरबा पुढे आला. त्यानं नायकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याचं चुंबन घेतलं. लगेच संपेल असं वाटलं होतं. संपलं नाही. व्हायोलिन सुरू झालं. कॅमेरा एकदा सावकाश भोवतीनं फिरला.

  आता, यशराजला वाटलं. आता झालं.

"तिकडं असंच भेटत्यात," पिराजी मामा म्हणाले. "दुबईला नाकाला नाक लावत्यात."

"अर्धा वाटा म्हंजे थोडका न्हाय," उदयसिंह म्हणाले. "गहिवरला गडी."

पडद्यावर ते दोघं हातात हात घालून तंबूत गेले. कनात पडली. दिवा विझला.

"झोपू देत आता," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "दमलेत."

उदयसिंहांनी मांडीवर थाप मारली. "बाळासो, तुमी आपलं मानूस हाय. खेळात तोंडी दिल्याला शब्द पाळलासा. कोन बघायला होतं? असं घर पायजे आमास्नी. फोडा सुपारी!"

यशराजला आयुष्यभर एकच भीती होती, की कधीतरी सगळ्यांना दिसेल. ते आज सगळ्यांना दिसलं होतं, व्हायोलिनसकट. आणि त्यावरून त्याचं लग्न ठरत होतं.

"पोरांना जरा बोलू द्या की," आई म्हणाली. "तेवढी रीत हाय आता."

गच्चीवरून कारखान्याचं धुराडं दिसत होतं. खाली बोळातून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागे एक.

"माझ्या भावाकडं हाय हा गेम," क्रांती म्हणाली. "तो कामावर गेला की मी खेळते."

यशराजनं कठड्याला धरलं.

"माझी नायिका बाई हाय. तॉर्विनच्या मागं लागलेवते मी. बाण दिले, त्याच्या भावाचं थडगं शोधलं. शेवटी त्यानं सांगितलं, 'तुझ्यात काय कमी न्हाय, पण मी तसा न्हाय.' दोन दिवस जेवण गेलं न्हाय मला." ती जरा थांबली. "पण त्यानं तोंडावर सांगितलं. थडगं शोधून दिल्यावर का होईना, सांगितलं. तुमी काय सांगितलंसा? वाटा?"

"तुम्ही नाही म्हणा ना," यशराज म्हणाला. "मुलगा पसंत नाही म्हणा. काहीही कारण सांगा."

"आधीच दोघांस्नी न्हाय म्हटलंय मी. ह्याला न्हाय म्हटलं तर दुकान बंद करून घरात बसायचं, असं ठरवूनच आणलंय मला. तुमी म्हणा न्हाय."

"मी म्हटलं तर आप्पा कारण विचारतील."

"मग सांगा की कारण."

खाली कुठल्यातरी ट्रॅक्टरचं गाणं वाजत होतं. यशराज गप्प बसला. गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं.

"बरं," क्रांती म्हणाली. "समजा झालं लग्न. तुमी खाली बसून तॉर्विनसंगं बोलणार. आनी मी? माझं काय काम त्यात? गावाच्या वेशीवर ती बाई उभी असती बघा, कवाबी जा, एकच वाक्य बोलती, 'आज वारं लई हाय.' ती व्हायची का मी? तुमच्या घरात? जन्मभर?"

यशराजनं त्या बाईचा विचार केला. तो तिच्याजवळून शेकडो वेळा घोड्यावरून गेला होता. तिचं नाव काय हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

ते खाली आले तेव्हा ताटात पान मांडून झालं होतं, हळदकुंकू लावून झालं होतं, आणि पिराजी मामा सुपारीवर बत्ता धरून बसले होते.

"आप्पा, थांबा," यशराज म्हणाला. "मी मघाशी खोटं वाचलं."

"काय?"

त्यानं रिमोट घेतला. झालेलं बोलणं परत वाचायची सोय त्या गेममध्ये असते. सगळी वाक्यं पडद्यावर ओळीनं आली. तो टीव्हीशेजारी उभा राहिला, शाळेत फळ्याशेजारी उभं करतात तसा, आणि वाचायला लागला.

"'अख्खा हिवाळा मी तुझ्या मागून चाललो. पुढं चाललो असतो तर तुला माझा चेहरा दिसला असता.'"

"हे थंडीचं?" आप्पांनी विचारलं.

"हे थंडीचं. पुढचं वाट्याचं. 'राहा म्हण, राहतो. जा म्हण, उजाडायच्या आत जातो. पण गप्प बसू नकोस. गप्प बसलेल्या माणसांच्या दारात मी लई थांबलोय.'" त्याचा आवाज जिथं अडकला तिथंच तोरबाचाही अडकला होता. "आणि तुम्ही दाबलं ते पहिलं. त्यात एकच शब्द आहे. 'राहा.'"

मामांचा बत्ता हवेतच होता.

"तो वाटेकरी नाही, आप्पा. त्याचं ह्याच्यावर प्रेम आहे. आणि ह्याचं त्याच्यावर."

आप्पा पडद्याकडे बघत होते. काट्यावर गाडी चढल्यावर आकडा थांबायची वाट बघत, तसं. "म्हंजे तोरबा..."

"होय."

"आनी हा घोड्यावरचा?"

"तो मी आहे."

"आनी घोडं?"

"घोडं घोडंच आहे, आप्पा."

 मग आप्पांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "माघारी जाता येत न्हाय का ह्यात?"

"येतं. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं की येतं." यशराजनं रिमोट टीपॉयवर ठेवला. "पण मी पुसणार नाही. मला मुली आवडत नाहीत. क्रांतीत काही कमी नाही. मीच तसा नाही."

उदयसिंह उठले. मामांनी बत्ता हळूच खाली ठेवला, आवाज न करता. "येतो आमी," उदयसिंह म्हणाले, आणि कुणाकडे न बघता चपला घालून बाहेर पडले. क्रांती शेवटी निघाली. दारात तिनं मागं वळून टीव्हीकडे बघितलं, यशराजकडे नाही.

आप्पा जागचे उठले नाहीत. ज्या माणसाला उठवायला लोक संसार सांधत, तो आता स्वतःच्या हॉलमध्ये बसला होता आणि त्याच्यासमोर सांधायला काही नव्हतं. आई दारात उभी होती. यशराज टीव्हीशेजारी. कुणीतरी काहीतरी बोलणार, एवढ्यात फाटक वाजलं.

पाव्हणे परत आले.

"ट्रॉलीचा आस तुटलाय," उदयसिंह उंबऱ्याकडे बघत म्हणाले. "बरोबर फाटकासमोर. आमची गाडी निघत न्हाय."

"ड्रायव्हर म्हणतोय, क्रेन आल्याबिगर काय हलत न्हाय," मामांनी सांगितलं. "तिच्या मागं लाईन लागल्या, पार कारखान्यापतोर."

म्हणजे क्रेनही येणार नव्हती. ते सगळे आत आले आणि आपापल्या आधीच्याच जागी बसले. मधली जागा रिकामी राहिली, म्हणून यशराजही जाऊन तिथं बसला. उदयसिंहांनी पाय जरा आवरून घेतले. आईनं सुपारीचं ताट उचललं, आत नेलं, आणि त्यातच चिवडा घालून परत आणलं. सगळ्यांनी चिवडा घेतला. चिवड्याचा आवाज फार होतो.

उदयसिंहांनी हाताला लागलेला चिवडा झटकला.

"घोडं उठलं का तेवढं बघा की," ते म्हणाले.

आप्पांनी रिमोट उचलला. तळावर सकाळ झाली होती. घोडं ताजंतवानं उभं होतं. तंबूची कनात बाजूला झाली, तोरबा बाहेर आला, केस विस्कटलेले, आणि काहीतरी बोलला.

आप्पांनी यशराजकडे बघितलं नाही. पडद्याकडेच बघत म्हणाले, "काय म्हणालाय?"

यशराजनं तोंडातला चिवडा गिळला.

"वाच की. आनी आता खोटं वाचलास तर बघ."

यशराजनं वाचलं, "'मला वाटलं, उजाडल्यावर तू निघून गेलेला असशील.'"

 बाहेर ट्रॅक्टरवाले एकमेकांना शिव्या देत होते.

"जातोय कुठं," आप्पा म्हणाले. "वाट कुठं हाय."